समुद्रयान, प्रायश्चित्त आणि धर्मपीठांचा जमाखर्च

बौधायनाच्या धर्मसूत्रात पातित्य आणणाऱ्या कर्मांची जी यादी आहे, तिच्या अग्रभागी समुद्रयान आहे; ब्राह्मणाची ठेव बुडवणे आणि जमिनीच्या वादात खोटी साक्ष देणे ही पातके तिच्यात समुद्रयानाच्या मागून येतात. त्यासाठी सांगितलेले प्रायश्चित्तही तसेच कडक आहे: दर चौथ्या भोजनकाळी मिताहार, त्रिकाळ स्नान, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढणे, आणि असे तीन वर्षे केल्यावर शुद्धी. परंतु ह्याच सूत्रकाराने ग्रंथारंभी उत्तर आणि दक्षिण देशांतील लोकांचे आचारभेद सांगताना, लोकरीचा व्यापार आणि मद्यपान ह्यांच्या जोडीला समुद्रावर जाणे हा उत्तरेकडच्यांचा रूढ आचार म्हणून नोंदला आहे आणि दक्षिणेकडच्यांच्या पदरात मामेबहिणीशी विवाह घातला आहे. ज्याचा आचार त्याच्या देशी निर्दोष, दुसऱ्याने उचलला तर सदोष, हे काही जणांचे मत तो सांगतो. मनूने समुद्रयायी मनुष्याला घर जाळणाऱ्याच्या आणि विष घालणाऱ्याच्या ओळीत घालून श्राद्धाच्या पानावरून उठवले, आणि पुढे व्यवहारप्रकरणात, समुद्रमार्गात निष्णात असलेले लोक ठरवतील तो व्याजाचा दर प्रमाण मानावा, असे निःसंकोच सांगून टाकले. म्हणजे सागरी व्यापार चालू होता, त्याचे व्याज शास्त्राला मान्य होते, फक्त तो व्यापारी पंक्तीला नको होता.

ह्या दुहेरी व्यवस्थेला पुढे कलिवर्ज्य प्रकरणाने कुलूप घातले. यादवांच्या देवगिरीत श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीपासूनच्या निबंधकारांनी पुराणवचनांच्या आधारे जी कलियुगात वर्ज्य अशी कर्मे उतरून घेतली, त्यांत नौकेने समुद्रावर गेलेल्या द्विजाचा, त्याने प्रायश्चित्त घेतले असले तरीही, स्वीकार करू नये असे एक कलम आहे. बौधायनाने तीन वर्षांनी उघडणारे दार ठेवले होते. कलिवर्ज्याने ते भिंतीत चिणले. ह्या कलमाचा अर्थ कसा करावा, जहाजावरच निर्वाह करणाऱ्या व्यापाऱ्यापुरता की एकदाच गेलेल्या प्रवाशालाही लागू, ह्यावर शास्त्री लोकांनी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ शाई खर्च केली, आणि महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात हा सगळा पसारा नीट लावून ठेवला आहे. मला येथे त्या अर्थनिर्णयात शिरायचे नाही. ज्यांनी हा निषेध सांगितला, राखला आणि प्रसंगी सैल केला, त्या आचार्यांनी, मठाधीशांनी आणि क्षेत्रोपाध्यायांनी प्रत्यक्षात कोणाला कसे वागवले, एवढाच माझा विषय.

प्रथमच एक गोष्ट सांगितली पाहिजे की देशांतराचे ह्या मंडळींना वावडे नव्हते. निर्णयसिंधू हा ज्याच्या आधारावर महाराष्ट्रातल्या भिक्षुकाचे वर्ष चालते तो ग्रंथ कमलाकरभट्टाने १६१२ साली काशीत पुरा केला. पण कमलाकराचे घराणे मूळचे पैठणचे. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट गोदाकाठ सोडून निघाला, विजयनगर आणि द्वारका पाहत काशीला जाऊन स्थिरावला, आणि पुढच्या तीन-चार पिढ्यांत त्या घराण्याने काशीतले अग्रपूजेचे स्थान मिळवले. अंग, वंग, कलिंग, सिंधू, सौवीर ह्या देशांत गेल्यास पुन्हा संस्कार करावा, मात्र तीर्थयात्रेसाठी गेल्यास दोष नाही, अशा आशयाची स्मृतिवचने आहेत. तेव्हा काशीला जाणाऱ्या पैठणकराला कसलीच अडचण नव्हती, आणि त्याच्यावर दांभिकतेचा आरोप करणे अन्यायाचे होईल. परंतु विद्या, वृत्ती आणि आश्रय ह्यांच्या शोधात मूळ गाव सोडणे हे त्या घराण्याच्या रक्तात होते, आणि दुसऱ्याच्या देशांतराचे नियम लिहिणारी लेखणी ही देशांतर केलेल्यांच्याच हाती होती, एवढे लक्षात ठेवावे.

ह्याच घराण्यातला, कमलाकराचा पुतण्या विश्वेश्वर, ऊर्फ गागाभट्ट, १६७४ साली रायगडावर आला. राज्याभिषेकापूर्वी शिवाजीमहाराजांनी प्रायश्चित्त घेतले ते संस्कारलोपाबद्दल. मुंजीचा काळ उलटून गेला होता, म्हणून आधी व्रतबंध आणि मग अभिषेक. वास्तविक नऊ वर्षांपूर्वी, १६६५ च्या फेब्रुवारीत, महाराज मालवणाहून जहाजांवर चढून बसरूरच्या स्वारीवर गेले होते आणि परतताना गोकर्णास त्यांनी स्नान केले होते. आरमार बांधणारा, सिंधुदुर्ग उभारणारा राजा समुद्रयायी होता हे त्या सभेतल्या कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. ती किनाऱ्याकिनाऱ्याची सफर होती, द्वीपांतर नव्हते, असे शास्त्राधाराने म्हणता येते, आणि ते खरेही आहे. पुढे दोन वर्षांनी, १६७६ त, औरंगजेबाने बाटवून अटकेपलीकडे धाडलेला नेताजी पालकर परत आला आणि त्याला शुद्ध करून घेतले गेले, तेव्हा म्लेंच्छांनी पळवून नेलेल्यांच्या शुद्धीसाठी देवलस्मृतीसारखा ग्रंथ आधाराला होताच. त्या काळच्या राजसत्तेने निषेधाचे दार आपल्या हाताने उघडले आणि धर्मसभेने त्या उघडण्याला शास्त्र पुरवले. अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर तर दर्यावर्दी आंग्र्यांचे आणि पेशव्यांचे एकाच वेळी गुरू होते. बाजीरावाच्या कर्जखात्यात ज्यांचे नाव वारंवार येते, अशा ह्या स्वामींनी समुद्रावर जगणाऱ्या शिष्याकडून सेवा घेण्यात कधी कमीपणा मानला नाही.

ह्या सगळ्या प्रकरणांचा कळस राघोबादादांच्या वकिलांच्या कथेत आहे. इंग्रजांच्या आश्रयाने सुरतेस राहिलेल्या राघोबांनी, पुण्याच्या गादीवरचा आपला हक्क कंपनीच्या वरच्या दरबारात रुजू व्हावा म्हणून, १७८० च्या सुमारास विलायतेला वकील पाठवले. इंग्रजी बाजूच्या कागदांत हणमंतराव हे ब्राह्मणाचे नाव ठळक आहे आणि त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशी व त्याचा मुलगा आहे. फ्रान्सिस विल्फर्ड मात्र ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये दोन ब्राह्मण गेल्याचे लिहितो. १७८१ साली हे पाहुणे लंडनला असताना एडमंड बर्कने त्यांची आबाळ पाहिली आणि त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले. ब्राह्मणाला सोवळ्याने स्वयंपाक करता यावा आणि स्नानसंध्या निर्वेधपणे व्हावी, म्हणून त्याने आपल्या बागेतले काचेचे रोपघर त्याला मोकळे करून दिले. विलायतेच्या थंडीत, कुंड्या बाजूला सारून केलेल्या त्या जागेत, राघोबांचा वकील आपला धर्म सांभाळत राहिला. पार्लमेंटात वॉरन हेस्टिंग्जवर पुढे जो मनुष्य तोफ डागणार होता, त्याच्या हिंदुस्थानच्या माणसांशी झालेल्या पहिल्यावहिल्या परिचयांपैकी हा एक.

वकील परत आले. विल्फर्ड सांगतो, की जाताना ते सुएझपर्यंत समुद्राने गेले आणि येताना इराणमार्गे आले, त्यामुळे सिंधू नदीही त्यांना ओलांडावी लागली; तेव्हा म्लेंच्छ देशांत राहून ह्यांनी आचार पाळला असणे शक्यच नाही, आणि शिवाय हे अटकेपलीकडून आले, असे दोन्ही आक्षेप ठेवून त्यांना वाळीत टाकण्यात आले. ठिकठिकाणचे विद्वान ब्राह्मण जमले, सभा झाल्या, आणि राघोबांचे वजन कामी आले नाही. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. १७५८ साली ज्या राघोबादादांच्या फौजांनी अटकेपर्यंत मजल मारली, आणि ज्या पराक्रमाचा वाक्प्रचार अजूनही आपल्या तोंडी आहे, त्यांच्या परतलेल्या पथकांना कोणी पंक्तीतून उठवल्याचे ऐकिवात नाही. फौजेने ओलांडलेली अटक आणि पदच्युत पेशव्याच्या वकिलाने ओलांडलेली अटक ह्यांत पाण्याचा फरक नव्हता; सत्तेचा होता. फौज गेली तेव्हा दादा अजिंक्य होते, वकील परतला तेव्हा दादा इंग्रजांचे आश्रित होते.

तरीही सभेने जो निर्णय दिला तो निव्वळ लोभाचा म्हणून झटकून टाकावा असे मला वाटत नाही. वकिलांचे सर्वमान्य सच्चारित्र्य आणि ते केवळ देशहितासाठी परदेशी गेले हे कारण, अशा दोन गोष्टी विचारात घेऊन त्यांना पुनर्जन्म देता येईल, असे सभेने ठरवले. हेतूवरून पातकाचे वजन ठरवणे हे न्यायबुद्धीचे लक्षण आहे. कलिवर्ज्याच्या अक्षराला चिकटून बसलेल्या सभेला ते सुचले नसते. पण पुनर्जन्माची रीत मात्र महागडी होती. शुद्ध सोन्याची स्त्रीची अथवा गायीची पूर्णाकृती प्रतिमा करून तिच्यातून बाहेर यावे हा मूळ विधी. राजेलोक हिरण्यगर्भ दान करतात, त्याच जातीचा. एवढे सोने कोठून आणावे, म्हणून केवळ योनीची सुवर्णप्रतिमा केली तरी चालेल अशी सवलत. राघोबांनी तशी प्रतिमा योग्य मापाची करवली, वकील तिच्यातून पार झाले, त्यांचे संस्कार नव्याने झाले, ब्राह्मणांना विपुल दाने मिळाली, आणि पंक्तीचे दार उघडले. पारशी बापलेकांना कोणी काही विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते.

विल्फर्डच्या लेखणीवर किती विसंबावे हा प्रश्न रास्त आहे. हा मनुष्य इतका भोळा, की त्याच्या पदरच्या पंडिताने पुराणांत हवी ती वचने घुसवून त्याला वर्षानुवर्षे फसवले, आणि शेवटी १८०५ साली त्याला ते छापून कबूल करावे लागले. पण वकिलांची ही कथा पुराणातली नाही, त्याच्या हयातीतल्या माणसांची आहे, आणि तिच्यातला विधी धर्मग्रंथांत असलेल्या विधींशी जुळतो. सोन्याचे वजन त्याने फुगवले असेल. सोने नव्हतेच असे म्हणता येत नाही.

सोन्याच्या ह्या कथेमागे जी यंत्रणा होती ती समजल्याशिवाय पुढचे एकोणिसावे शतक उमगत नाही. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताचे एक माप केले आहे. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे; बारा वर्षांचे तप म्हणजे तीनशेसाठ कृच्छ्रे, आणि त्याच हिशोबाने बौधायनाची तीन वर्षे म्हणजे नव्वद. कृच्छ्र ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी प्रत्याम्नाय आहेत: एका कृच्छ्राऐवजी दहा हजार गायत्रीजप, किंवा बारा ब्राह्मणांना भोजन, किंवा एक गोदान. गाय नसेल तर तिचे मोल. आणि ते मोलही देणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे निष्कापासून खाली उतरत जाते. मूळ कल्पना दयेची आहे, म्हाताऱ्याला आणि रोग्याला उपासाने मारू नये म्हणून केलेली. परंतु तप एकदा गायीत आणि गाय एकदा नाण्यात मोजली जाऊ लागली की पातकाचा तगादा आणि त्याची वसुली ह्यांचा शिरस्ता पडतो, आणि त्या शिरस्त्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांना पातक पूर्णपणे बंद होणे परवडत नाही. कलिवर्ज्य म्हणते, शुद्ध झाला तरी घेऊ नका. क्षेत्रोपाध्याय म्हणतो, या, क्षौर करा, पंचगव्य घ्या, संकल्प सोडा. पहिले वचन पोथीत अबाधित राहिले आणि दुसरे घाटावर चालत राहिले; एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले नाही, कारण एकाचा धाक नसता तर दुसऱ्याकडे कोणी आलेच नसते.

मुंबई बंदरातून आगबोटी सुटू लागल्यावर ह्या घाटाची वर्दळ वाढली. अहमदाबादचे महीपतराम रूपराम १८६० साली विलायतेला गेले आणि नागर ज्ञातीने त्यांना बाहेर टाकले. वैष्णव महाराजांच्या बदनामीच्या खटल्यात गाजलेले करसनदास मुळजी १८६३ त गेले, त्यांचीही तीच गत. कोल्हापूरचे राजाराममहाराज १८७० साली इंग्लंड पाहून परतत असताना ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्याबरोबरच्या मंडळींपुढे मठाचा आदेश नव्हता, पंचांग आणि शास्त्री विचारायला पुणे नव्हते. त्यांनी आर्नो आणि मुन्योने ह्या नद्या जेथे मिळतात ती जागा शोधली आणि संगमावर दहन केले. परक्या शहराच्या काठावर संगम हुडकून काढणाऱ्या त्या कारभाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटते. धर्म पाळायचा तर तो असाही पाळता येतो. त्या जागी चार वर्षांनी उभारलेली छत्री आजही आहे.

१८८८ साली मोढ वाणी ज्ञातीच्या शेटाने मोहनदास गांधी नावाच्या मुलाला मुंबईत सभेपुढे उभे केले आणि तो ऐकेना तेव्हा जातिबाह्य ठरवले. त्याला मदत करणाऱ्याला किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड. तीन वर्षांनी बॅरिस्टर होऊन परतल्यावर थोरल्या भावाने त्याला राजकोटला नेण्याआधी नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घालून शुद्ध केले, आणि राजकोटला ज्ञातिभोजन दिले. भावाच्या मनाखातर आपण हे केले, असे गांधींनी पुढे लिहिले आहे. ज्ञातीचा एक तट त्यावर राजी झाला, दुसरा झाला नाही. सव्वा रुपयाचा दंड, रामकुंडावरची एक डुबकी आणि एक जेवणावळ: राघोबांच्या सोन्याच्या मानाने शंभर वर्षांत दर बराच उतरला होता.

पुण्यात ह्या विषयाला जे वळण मिळाले ते मात्र नाण्याच्या हिशोबात बसणारे नाही, आणि त्याचा सूत्रधार हा आपल्या सामाजिक इतिहासातला एक विलक्षण वल्ली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर व्याख्यान देऊन आपण का जातो हे सांगितले आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे वचन दिले. त्यांनी ते अक्षरशः पाळले. १८८६ च्या अखेरीस डॉक्टर होऊन त्या परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांचे पती गोपाळराव हे ज्या कुठल्या समजुतीला लोक चिकटले असतील तिच्यावर बोट ठेवण्यात आनंद मानणारे गृहस्थ. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले, त्यानंतर पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली, कोणी बाजूला सारली. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभवा’त छापवून दिली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते.

सनातन्यांची फिर्याद संकेश्वरच्या शंकराचार्यांकडे गेली, आचार्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमून पुण्यास पाठवले, साक्षी झाल्या, कैफियती झाल्या, आणि पेशवाईनंतर थंडावलेले ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण, पुन्हा पेटले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे त्यांचे सुधारक सोबती जितके दुखावले तितके सनातनी सुखावले नाहीत. येथे दोष एकट्या मठाला देऊन भागणार नाही. रानडे प्रार्थनासमाजाचे नेते, म्हणजे तेही एका अर्थाने धर्मपुढारीच. त्यांनी सभांतून जे सांगितले ते घरच्या आणि मित्रांच्या ओढाताणीत त्यांच्याकडून टिकले नाही, आणि ते आपल्या दुबळेपणाचे तत्त्वज्ञान करण्याइतके अप्रामाणिक नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. त्यांच्याच समाजातले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ त प्राच्यविद्या परिषदेसाठी व्हिएन्नाला जाऊन आले होते आणि १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला. बोलणे आणि करणे ह्यांतले अंतर ज्याने सर्वांत कमी ठेवले असा पुढारी त्या पिढीत शोधायचा तर मी भांडारकरांकडे बोट दाखवीन.

परंतु त्या ग्रामण्याचे मला सर्वांत बोधक वाटते ते हे, की अटलांटिक ओलांडलेल्या बाईच्या शहरात, तिच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत, आचार्यांच्या शास्त्र्यांनी दप्तरे उघडली ती एका पेल्यातल्या चहासाठी. महासागर जितका दूर तितका तो सोडून देता येतो. शेजारच्या पेठेत घेतलेला चहा मात्र उद्या श्राद्धाच्या पानावर येऊन बसतो. संकेश्वरच्या पीठाने जे राखायचे ठरवले ते पाणी नव्हते, पंगत होती, आणि तेवढ्यापुरते त्यांचे वागणे सुसंगतच म्हणावे लागेल. राजेरजवाड्यांच्या बाबतीत ही सुसंगती आपोआप मवाळ होई. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली जयपूरचे माधोसिंह निघाले तेव्हा त्यांनी एक आगबोट संपूर्ण ठरवून घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरी गंगाजलाने भरून बरोबर नेल्या. शाहूछत्रपतीही त्याच वर्षी विलायतेस गेले. आणि पंचहौदच्या चौकशीला एकदा तोंड दिलेले टिळक १९१८ साली चिरोल ह्या इंग्रज पत्रकारावरच्या दाव्यासाठी लंडनला जाऊन बसले.

आता ज्यांची नावे कोणत्याच सभेत, कोणत्याच फर्दीवर आली नाहीत, त्यांच्याकडे वळावे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर जाऊ लागले. त्या बेटावर उतरलेल्या हिंदी मजुरांची एकूण संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. बहुतेक बिहार आणि भोजपुरी मुलुखातले. पण मुंबई बंदरातूनही जहाजे गेली आणि त्यांत रत्नागिरीकडचे, सावंतवाडीकडचे मराठी लोक होते. पाच वर्षांचा करार, पाच रुपये महिन्याच्या मानाने मजुरी, आणि जहाजावर एकाच भांड्यातले जेवण. शास्त्राच्या दृष्टीने हे समुद्रयान निर्विवाद होते, द्वीपांतर होते, परत येण्याची शाश्वती नव्हती. तरी ह्या लोकांना जाऊ नका म्हणून सांगायला कोणता मठाधीश बंदरावर आला, किंवा परत आलेल्यासाठी कोणत्या पीठाने प्रायश्चित्ताची सवलत काढली, ह्याची नोंद मला कोठे आढळली नाही. कलिवर्ज्याचे कलम द्विजापुरते होते, असे उत्तर शास्त्री देईल आणि ते शब्दशः बरोबर असेल. मात्र ज्या कोकणात गावोगाव देवस्थानची इनामे होती, भटपण आणि जोशीपण होते, त्या कोकणातून कुणबी आणि मराठे गलबतांत बसून जात असताना त्यांच्या देशांतराविषयी बोलावे असे काही धर्माला सुचू नये, ह्याला अक्षरनिष्ठा म्हणून भागत नाही. वकिलासाठी सभा भरली, कारण तो परत येणार होता आणि आल्यावर पाटावर बसणार होता. मजूर गेला तर शेतावर एक माणूस कमी झाला, एवढेच.

त्या मजुरांनी आपला धर्म आपणच नेला. भिक्षुक नव्हते तेथे घरातल्या थोरल्याने पूजा सांगितली, मूर्ती हाताने घडवली, गोंधळ आणि झाकरी राखली, आणि आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्या मंडळींच्या पोटच्या पिढ्यांत मराठी शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातले कीर्तनकार, प्रवचनकार आणि महाराज नंतर विमानाने तेथे गेले, तेव्हा त्यांना बसायला मंदिर तयार होते.

समुद्र उलट दिशेने ओलांडून आलेल्यांच्या बाबतीत एक पीठ वेगळे वागले, तेही सांगितले पाहिजे. १९२८ च्या मार्चमध्ये नॅन्सी मिलर ही अमेरिकन तरुणी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांशी विवाह करण्यासाठी हिंदू झाली, आणि तिचा शुद्धिसंस्कार नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी ह्यांनी केला. ज्या क्षेत्री विलायतेहून परतलेल्यांना धुऊन घेत असत, तेथेच विलायतेपलीकडून आलेल्या मुलीला आचार्यांनी शर्मिष्ठा म्हणून आत घेतले. वर महाराजा होता, आणि गरीब धनगराने आणलेल्या परदेशी बायकोसाठी पीठ असे हलले असते का, हा प्रश्न टाळता येत नाही. पण कुर्तकोटी शुद्धीच्या आणि संघटनेच्या बाजूने उघडपणे बोलत होते, आणि जे बोलले ते गहजब होत असताना करून मोकळे झाले.

हा वाद पोथ्यांबरोबर संपला असे ज्यांना वाटते त्यांनी उडुपीकडे पाहावे. महाराष्ट्रातल्या अनेक माध्व घराण्यांची श्रद्धा जेथे जडलेली आहे, त्या श्रीकृष्णमठाची पूजा आठ मठांकडे दोन-दोन वर्षांच्या पर्यायाने फिरते. २००८ च्या जानेवारीत पुत्तिगे मठाच्या सुगुणेंद्रतीर्थांची पाळी आली, तेव्हा हे स्वामी धर्मप्रसारासाठी परदेशी जाऊन आले आहेत, संन्याशाने समुद्र ओलांडला, म्हणून त्यांनी मूर्तीला स्पर्श करू नये, असा आक्षेप अन्य मठांकडून आला. पुत्तिगे मठाचे म्हणणे असे, की शिष्य जेथे गेले तेथे गुरूने जावे. आक्षेप घेणाऱ्यांना हट्टी म्हणता येईल, दांभिक म्हणता येणार नाही. ज्या वचनाला एकोणिसाव्या शतकातल्या घाटांनी मोल लावले, ते त्यांनी विनामोबदला, आणि लोकांच्या टीकेला तोंड देत, लावून धरले. सुगुणेंद्रतीर्थांचा पर्याय वादातच पार पडला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांनी चौथ्यांदा सर्वज्ञपीठ स्वीकारले. त्यांच्या मठाने अमेरिकेत न्यू जर्सी आणि ॲरिझोना येथे कृष्णमंदिरे उभारली आहेत. तेथे घरे करून राहिलेले भक्त सुट्टीत उडुपीला येतात, दर्शन घेतात, सेवा लिहवतात, आणि त्यांच्या हातची दक्षिणा घेण्यापूर्वी तो हात कोणता समुद्र ओलांडून आला हे खिडकीवर कोणी विचारत नाही.